आडनाव एक, गाव वेगळं

आमच्या वऱ्हाडात गल्लीत उभं राहून 'अहो देशमुख' अशी हाक मारली, तर चार दारं तरी उघडतील. त्यातला एक देशमुख दुसऱ्या देशमुखाचा कोणी लागत असेलच असं मात्र नाही. म्हणून तर लग्नाची बोलणी सुरू झाली की जुनी माणसं आडनाव ऐकून थांबत नाहीत. "कुठले देशमुख?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. मूळ गाव कळलं, कुलदैवत कळलं, की मगच नातं आहे की नाही ते उमगतं. कधी उलटंही होतं. आडनावं अगदी निराळी, आणि खोदून विचारलं तर चार पिढ्यांमागे दोघांचा वाडा एकच निघतो!

मैत्रिणींनो, इंग्रजी शब्दांचंही अगदी असंच आहे. कानाला सारखे लागणारे, कधी स्पेलिंगनेही सारखे असणारे कितीतरी शब्द मुळात एकमेकांचे कोणी लागत नाहीत. आणि ज्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं स्वप्नातही वाटणार नाही, ते सख्खे भाऊ निघतात. मुलांना ही गोष्ट कोणी सांगत नाही. त्यांच्या हातात फक्त एक यादी येते. या शब्दाचा हा अर्थ, त्या शब्दाचा तो अर्थ, करा पाठ. पोरं बिचारी पाठ करतात आणि परीक्षेच्या दालनात पाऊल टाकलं की विसरतात.

माझं माहेर अमरावती, सासर अकोला. बी.ए. अमरावतीलाच झाले. घर, सासूबाईंचं पथ्यपाणी आणि दोन मुलं सांभाळून मी एका मराठी माध्यमाच्या शाळेत तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. तासिका तत्त्वावर म्हणजे जेवढे तास, तेवढे पैसे. सुट्टीचे काही नाही. असो. सांगायचं ते हे की तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी माझ्यासारखीच ए-बी-सी-डी पाचवीत गेल्यावर गिरवली असेल. २००० सालापासून मात्र राज्यातल्या मराठी शाळांतसुद्धा पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि घरचा अभ्यास घेण्याचं काम आपल्याकडेच आलं. तेव्हा हा विषय शाळेइतकाच स्वयंपाकघरातलाही आहे.

स्वयंपाकघराचं नाव निघालंच आहे तर कणकेपासून सुरुवात करू. एफ-एल-ओ-यू-आर म्हणजे पीठ आणि एफ-एल-ओ-डब्ल्यू-ई-आर म्हणजे फूल. उच्चार जवळजवळ एकच. मुलं दर वर्षी इथे हमखास अडखळतात, कारण फ्लॉवर म्हणजे भाजी हे त्यांना त्याआधीच माहीत असतं! आता गंमत बघा. हे तिन्ही शब्द एकाच घरातले आहेत. जुन्या इंग्रजीत धान्य दळून, चाळून जो सगळ्यात बारीक आणि चांगला भाग हाती येई, त्याला 'दळणाचं फूल' म्हणत. फूल म्हणजे वस्तूतलं जे उत्तम ते. पुढे त्यातला 'दळणाचं' गळला आणि नुसतं फूल उरलं. अठराव्या शतकापर्यंत पिठाला फुलाचं स्पेलिंग सर्रास चालत असे. मग सोयीसाठी दोघांनी दोन चुली मांडल्या. आणि भाजीतला फ्लॉवर तर उघडच कोबीचं फूल. वऱ्हाडात आपण फुलकोबी म्हणतो तेच बरोबर आहे!

पिठावरून आठवलं. लेडी हा शब्द कुठून आला असेल? लेडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हातमोजे घातलेली, छत्री धरलेली गोरी बाई उभी राहते. पण हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो दोन शब्दांचा जोड होता, आणि त्याचा अर्थ 'भाकरीचं पीठ मळणारी'. लॉर्डचाही तसाच, 'भाकरी राखणारा'. म्हणजे लॉर्डसाहेब कोठीच्या दारावर बसलेले आणि लेडीचे हात कोपरापर्यंत पिठात! मी हे आमच्या घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मंग आमी साऱ्याच लेड्या." रोज सकाळी ज्वारीचं पीठ मळताना मला ते आठवतं आणि हसू येतं.

पण हे एवढ्यावर थांबत नाही. मेल आणि फीमेल हे शब्द घ्या. कोणीही सांगेल की मेलच्या पुढे दोन अक्षरं लावून फीमेल झालं, पुरुषावरून बाई. आमच्या शिक्षक-खोलीतही एकांनी हे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं होतं. प्रत्यक्षात दोघांचं मूळ गाव वेगळं. मेलचं मूळ लॅटिनमधल्या एका शब्दात, फीमेलचं दुसऱ्याच शब्दात. तो 'लहानशी स्त्री' या अर्थाचा, आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा उच्चार 'फेमेल'सारखा होता. चौदाव्या शतकात लोकांनी त्याला मेलच्या जोडीला बसवला आणि शेपटी बदलून टाकली. लग्न झाल्यावर आपलं नाव बदलतात तशातलीच गोष्ट, दुसरं काय!

कानाला एकच वाटणाऱ्या शब्दांचा खरा गोंधळ बघायचा असेल तर 'सेल' घ्या. साड्यांचा सेल. टॉर्चमधला सेल. विज्ञानाच्या पुस्तकातली सेल म्हणजे पेशी. तुरुंगातली सेल. शिडाच्या जहाजाचं शीडही सेलच. एवढे सगळे! यातला टॉर्चचा, शरीरातला आणि तुरुंगातला असे तिन्ही सेल भाऊ-भाऊ, कारण मुळात त्या शब्दाचा अर्थ लहानशी खोली. १६६५ साली रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा पातळ काप पाहिला, त्यात मधमाशांच्या पोळ्यासारख्या इवल्या खोल्या दिसल्या, म्हणून त्याने तेच नाव दिलं. साड्यांचा सेल मात्र उत्तरेकडच्या समुद्रापलीकडून आलेला वेगळा पाहुणा आहे, आणि शिडाचा त्याहून वेगळा.

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजी भाषाच अशी विचित्र. छे! आपल्या घरात काय कमी आहे? माझी धाकटी जाऊ पुण्याची. लग्न होऊन आली त्या आठवड्यात सासूबाईंनी तिला सांगितलं, "बाजारातून थोडा सांभार आण." तिला वाटलं इडलीबरोबरचं सांबार, ती डबा घेऊन निघाली! आपल्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर हे पुणेकरणीला कसं कळावं? आणि पिठल्याला आपण चून म्हणतो, त्यावरूनही तिची एकदा अशीच तारांबळ उडाली, कारण तिच्या मनात भिंतीचा चुना. फार कशाला, वऱ्हाड हा शब्दच घ्या ना. लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं. त्यातलं वऱ्हाड लग्नाचं, वराकडून आलेलं. आपला अमरावती-अकोल्याचा मुलूख, ज्याला मोगलांच्या आणि इंग्रजांच्या दप्तरात बेरार लिहीत, ते वऱ्हाड निराळं. आडनाव एक, गाव वेगळं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती सांगते.

माझ्या वर्गात नववीत एक मुलगी आहे. नाव सांगत नाही. वडील नाहीत. आई जिनात कामाला जाते. वऱ्हाडाबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, जिन म्हणजे जिनिंग फॅक्टरी, जिथे कापसातून सरकी वेगळी काढून रुई करतात. दिवाळीनंतर कापूस घरात येऊ लागला की अकोल्याकडे येणाऱ्या रस्त्यांवर कापसाने फुगलेल्या गाड्यांची रांग लागते, आणि जिनांचा सीझन सुरू होतो. बायका कापसातला कचरा, पालापाचोळा, कवडी वेचतात, कापूस वाहून यंत्रापर्यंत नेतात. घरी येतात तेव्हा केसांत, पापण्यांवर, लुगड्यावर रुईचं कापूसपिंजण. खोकला सीझनभर सुटत नाही.

तर या मुलीने गेल्या वर्षी एका आंतरशालेय इंग्रजी भाषणाच्या स्पर्धेत नाव दिलं. विषय होता 'माझी आई'. तिनेच लिहिलं, तिनेच पाठ केलं. तिथे उभं राहून तिने म्हटलं, "माय मदर वर्क्स इन अ जिन." सभागृहात हशा पिकला. परीक्षकांपैकी एकांनी तर माइकवरच विचारलं, "अगं, तुझी आई दारूच्या बाटलीत काम करते की काय?" पुन्हा हशा. पोर तशीच खाली उतरली. पुढचं भाषण तिने केलंच नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर ती माझ्यापाशी आली. म्हणाली, "मॅडम, यापुढे फॉर्मवर आईचा व्यवसाय मी हाऊसवाइफ लिहिणार."

मैत्रिणींनो, मला त्या हशाचं जेवढं वाईट वाटलं नाही, तेवढं या एका वाक्याचं वाटलं. मी स्वतः गृहिणी आहे, त्या शब्दाला मी कमी लेखत नाही. पण वर्षातले पाच-सहा महिने रुई फुफ्फुसात ओढून जी बाई दोन लेकरांना शिकवते, तिचं काम तिच्या लेकीने कागदावरून पुसून टाकावं? आणि तेही कशापायी, तर एका शब्दाचं मूळ गाव समोरच्यांना ठाऊक नव्हतं म्हणून!

शाळेच्या कपाटात शब्दांची व्युत्पत्ती देणारा एक जाडजूड इंग्रजी कोश आहे. सगळ्यांच्या घरी असते ती वीरकरांची डिक्शनरी अर्थापुरती छान, पण शब्दाचं माहेर कळायला मोठा कोश लागतो. आम्ही दोघींनी तो बाकावर उघडला.

कापसाची जिन हा शब्द इंजिनचा धाकटा अवतार. जुन्या फ्रेंचमध्ये 'आंजँ' म्हणजे युक्ती, कसब, कसबाने बनवलेलं यंत्र. आणि त्याच्या मागे लॅटिनमधला उपजत बुद्धी या अर्थाचा शब्द. इंग्रजीत त्यातलं पहिलं अक्षर गळलं आणि 'जिन' झालं. यंत्र या अर्थाने हा शब्द इंग्रजीत तेराव्या शतकापासून आहे. १७९३ साली अमेरिकेत एली व्हिटनीने सरकी काढायचं प्रसिद्ध यंत्र केलं, त्यालाही हेच नाव. आपल्याकडे हाताने फिरवायची चरखी त्याच्या कितीतरी आधीपासून होती, हेही तिला सांगितलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, आणि पुढे या रुळांच्या कडेने जिनिंग-प्रेसिंगची धुराडी उभी राहत गेली. जिन हा शब्द तेव्हापासून आपल्या बोलीत इतका मुरला की अंगठा उठवणारी बाईसुद्धा 'जिनात जाते' म्हणते, आणि अगदी बरोबर म्हणते.

दारूची जिन? तिचा याच्याशी काडीचा संबंध नाही. ती हॉलंडकडची. जुनिपर नावाच्या झुडपाची फळं तिच्यात वासाला घालतात, त्या झुडपाच्या डच नावाचं तुकडं होऊन अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ती 'जिन' झाली. म्हणजे वयाने बघाल तर कारखान्यातली जिन बाटलीतल्या जिनहून चारपाचशे वर्षांनी थोरली आहे. हसायचंच असेल तर थोरलीने धाकटीला हसावं!

मुलगी आता खुर्ची ओढून नीट बसली होती. तिने विचारलं, "मग जीन्स?" मी म्हटलं, बघू. जीन्स आली इटलीतल्या जेनोवा शहरावरून. त्या बंदरातून येणाऱ्या जाड कापडाला फ्रेंच लोक त्या गावाच्या नावाने ओळखत. तिचं मूळ तर खरोखरच एक गाव निघालं. आणि लहान मुलांना घालतो ती डंगरी? ती आपली. मुंबईच्या डोंगरीतल्या जाड्याभरड्या कापडावरून तो शब्द इंग्रजीत गेला असं कोशकार सांगतात. मग अल्लाउद्दीनच्या दिव्यातला जिन? तो अरबी. न दिसणारा, लपलेला असा त्याच्या मुळाचा अर्थ. प्रेमात वेडा झालेल्याला आपण मजनू म्हणतो, तोही त्याच मुळाचा, जिनाने झपाटलेला.

राहता राहिला विज्ञानातला जीन, आईबापांकडून लेकराकडे गुण नेणारा. हा शब्द वयाने सगळ्यांत लहान. १९०९ साली डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन या शास्त्रज्ञाने तो ग्रीक धातूवरून घडवला. त्या धातूचा अर्थ जन्म. आणि इथे कोशाने आम्हा दोघींनाही थक्क केलं. यंत्राच्या जिनमागचा जो लॅटिन शब्द, 'उपजत' बुद्धीचा, त्यातलं उपजणंही त्याच धातूचं. म्हणजे कापसाची जिन आणि विज्ञानातला जीन हे दूरचे चुलत भाऊ! एवढंच नव्हे, आपला जन्म, जन, जननी हे शब्दही त्याच फार जुन्या मुळाला फुटलेले. दारूची जिन आणि पँटची जीन्स या घरातल्या नव्हेत.

मी तिला म्हटलं, बघ, २००२ साली आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचा जीन त्या बियाण्यात घातलेला असतो. त्या जीनचा कापूस तुझी आई जिनात साफ करते, आणि त्याची कुठेतरी जीन्स होते. तीनही शब्द तुझ्या आईच्या ओंजळीत आहेत. त्या परीक्षकांच्या फक्त एकच होता.

मग हाऊसवाइफ शब्दही उघडला. मुद्दामच. इंग्रजीत वाइफ म्हणजे मुळात नुसती बाई. बायको हा अर्थ त्याच्या जोडीने चिकटत गेला. घरची बाई, घर चालवणारी, असा हाऊसवाइफचा मानाचा अर्थ. पण तोच शब्द बोलण्यात झिजून 'हसी' झाला, आणि सतराव्या शतकात हसी म्हणजे उनाड, वाह्यात बाई असा अर्थ रूढ झाला. एकाच आईच्या दोन लेकी, एकीला हळदीकुंकू आणि दुसरीला शिवी. हजबंड शब्दाचा अर्थही घरधनीच, पण त्याच्या वाट्याला असं काही आलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्या मुलीला मी एवढंच सांगितलं की फॉर्मवर काय लिहायचं ते तू ठरव, पण लाजेने लिहू नकोस.

पुढच्या वेळी तिने वहीत लिहून आणलं, "माय मदर वर्क्स इन अ कॉटन जिन." कॉटन हा एक शब्द मध्ये घातला की कोणाला हसायला जागा उरत नाही. (कॉटनसुद्धा अरबीतून आलेला आहे बरं का!) पण मी तिला हेही म्हटलं की पहिलं वाक्य चुकीचं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या वर्गात एक वही फिरते. तिचं नाव मुलींनीच ठेवलं, 'मूळ गाव'. सारखे वाटणारे दोन शब्द दिसले की ते वहीत लिहायचे आणि शनिवारी कोश उघडून त्यांचं गाव शोधायचं. घरी मुलांचा अभ्यास घेताना तुम्हालाही हे करता येईल. खर्च एका वहीचा. मोठा कोश जवळच्या वाचनालयात असतो. एक पथ्य मात्र पाळा: नुसत्या उच्चारावरून नातं जोडून मोकळ्या होऊ नका, आधी कोशात बघा. आजकाल कोणीही उठून कुठल्याही शब्दाचं मूळ संस्कृतात नेऊन ठोकतं, त्याने मुलांचं नुकसानच होतं.

त्या वहीत सगळ्यात जास्त मजा आली ती आपल्याकडून गेलेल्या शब्दांची. कॉट हा शब्द घ्या. इंग्रजीत कॉट दोन आहेत. एक कॉटेजच्या घरातली, म्हणजे झोपडी. ती अस्सल इंग्रजी. दुसरी झोपायची, ती आपली खाट! खाट विलायतेला गेली, कॉट होऊन परत आली, आणि आता आपण म्हणतो, "खाट जुनी झाली, एक कॉट घेऊ." चिटही तशीच. निरोपाची चिट म्हणजे आपली चिठ्ठी, आणि एवढीशी पोर या अर्थाची इंग्रजीतली चिट मुळात मांजरीच्या पिल्लासारखं लहान पिल्लू. दोघींचं काही देणंघेणं नाही. कॅश म्हणजे रोकड, ती पेटी या अर्थाच्या शब्दावरून, कारण पैसे पेटीत. पण जुन्या इंग्रजी कागदपत्रांत दक्षिणेतल्या एका हलक्या नाण्याला कॅश म्हटलेलं दिसतं, ते तमिळ 'कासु'वरून. गनी बॅग म्हणजे आपली गोणी. आणि मुंगूस! इंग्रजीतला मंगूस हा आपल्या मराठी मुंगसावरूनच घेतलेला आहे. त्याच्या शेवटी गूस दिसतो, म्हणजे हंसासारखा पक्षी, म्हणून मुलं त्याचं अनेकवचन गीसच्या चालीवर करतात. पण मुंगसाचा आणि त्या पक्ष्याचा काय संबंध? मंगूसेस असंच लिहायचं. हे मुलींना एकदा सांगितलं ते पुन्हा सांगावं लागलं नाही, कारण मुंगूस त्यांच्या ओळखीचं आहे.

पेन आणि पेन्सिल एकत्र नांदतात, दप्तराच्या एकाच कप्प्यात, म्हणून ती बहिणी असतील असं कोणालाही वाटेल. नाहीत. पेन म्हणजे पीस, पूर्वी पिसाने लिहीत म्हणून. पेन्सिल म्हणजे मुळात चित्रकाराचा बारीक कुंचला, आणि त्याच्याही मागे अर्थ शेपटीचा. उलट पेनिसिलिन हे औषध पेन्सिलच्या नात्यातलं, कारण ते ज्या बुरशीपासून निघालं ती सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्यासारखी दिसते. आणि स्टेशनरीचं ते छळणारं स्पेलिंग, एक ए-आर-वायचं आणि एक ई-आर-वायचं? एकच मूळ. फेरीवाल्यासारखा न फिरता एका जागी दुकान मांडून बसणारा तो स्टेशनर, आणि त्याच्या दुकानातलं सामान ती स्टेशनरी. एका जागी उभं असलेलं ते दुसरं.

मला स्वतःला सगळ्यात आवडला तो प्यूपिल. प्यूपिल म्हणजे विद्यार्थी आणि प्यूपिल म्हणजे डोळ्यातली बाहुली. यांचं नातं असेल असं मला तरी वाटलं नव्हतं, पण आहे. लॅटिनमध्ये लहान मुलीला आणि बाहुलीला एकच शब्द. समोरच्याच्या डोळ्यात वाकून पाहिलं की आपलंच इवलंसं रूप दिसतं, बाहुलीएवढं, म्हणून डोळ्यातल्या त्या काळ्या ठिपक्याला ते नाव. आपणही बाहुलीच म्हणतो! ना त्यांनी आपल्याला विचारलं, ना आपण त्यांना. हे सांगितलं त्या दिवशी सगळा वर्ग एकमेकींच्या डोळ्यांत डोकावत बसला, आणि शेजारच्या वर्गाच्या सरांनी येऊन गोंगाटाची तक्रार केली.

त्या मुलीची आई गेल्या महिन्यात शाळेत आली होती, पालकसभेला. कामावरून तशीच आली, डोक्यावरच्या पदराला रुई चिकटलेली. लेकीने घरी सगळं वाचून दाखवलं होतं. म्हणाली, "बाई, काहून हासले म्हने ते लोकं, आता समजलं मले." मग तिनेच विचारलं, की त्यांच्या आवारात रुईच्या गाठी बांधतात त्याला प्रेस म्हणतात, आणि पेपर छापतात त्यालाही प्रेस म्हणतात, तर हे तरी एक की वेगळं?

मी म्हटलं, ताई, हे मात्र एकच. दाबणे या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दाची दोन्ही लेकरं. एकशे सत्तर किलो रुईची गाठ दाबतात ती प्रेस, आणि शाई लावलेल्या खिळ्यांवर कागद दाबायचे तीही प्रेस. वर्तमानपत्रवाल्यांना प्रेस म्हणतात ते त्यावरूनच.

तिने क्षणभर विचार केला आणि लेकीकडे बघून म्हणाली, "म्हंजे आमी गाठ दाबतो अन् ते कागद दाबते. येवढाच फरक. मंग त्यायले कार्डं भेटते गळ्यात घालाले, अन् आमाले काहून नाही भेटत?"